एड रॉबर्ट्स : सहा इंचांच्या पायरीशी झुंज

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्थानिक स्वराज्य संस्थांची कर्तव्ये तोंडपाठ असतात. पाणी, दिवाबत्ती, आरोग्य, शिक्षण आणि रस्ते. परीक्षेत ही यादी लिहिली की गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो. पण रस्ता नेमका कोणासाठी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्याला दोन धडधाकट पाय आहेत त्याला तो सुचतही नाही. पदपथाची कड साधारण सहा इंच उंच असते; आपण ती न पाहता चढतो आणि न पाहता उतरतो. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र तीच कड सिंहगडाच्या कड्यासारखी असते, आणि त्याच्याजवळ दंतकथेतली घोरपडही नसते!

या सहा इंचांच्या कडेला राजकारणाचा विषय बनविणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव एडवर्ड व्हर्न रॉबर्ट्स. सारे त्याला एड म्हणत. तिकडे त्याला अपंगांच्या स्वावलंबी जीवनाच्या चळवळीचा जनक मानतात. त्याचे चरित्र वाचताना मला सर्वांत जास्त भावली ती त्याची जिद्द नव्हे. जिद्दीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो, डोळे पुसतो आणि विसरतो. मला भावले ते असे, की या माणसाने आपल्या दुःखाचे रडगाणे न गाता ते शाळामंडळाच्या, नगरसभेच्या आणि सरकारी खात्याच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि तिथे त्याचे रूपांतर हक्कात केले.

एडचा जन्म २३ जानेवारी १९३९ रोजी कॅलिफोर्निया राज्यात झाला. चार भावांतला तो थोरला. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्लिंगेम नावाच्या गावात त्याचे बालपण गेले. खेळाची त्याला विलक्षण आवड. १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. साल्कची लस १९५५ साली आली. म्हणजे अवघ्या दोन वर्षांचा फरक! त्या दोन वर्षांनी एका मुलाचे सारे आयुष्य पालटून टाकले. मानेखालचे शरीर लुळे पडले. हाताची दोन बोटे आणि पायाची काही बोटे एवढीच काय ती हलत. श्वाससुद्धा स्वतःचा राहिला नाही. लोखंडी फुफ्फुस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका अवजड नळकांड्यात त्याला निजवीत. त्यातल्या हवेचा दाब कमीजास्त होई आणि त्याबरोबर त्याची छाती वरखाली होई. डोके तेवढे बाहेर.

त्याच्या आईला एका डॉक्टरने सांगितले, की मुलगा वाचला तरी तो निव्वळ एखाद्या भाजीपाल्यासारखा पडून राहील. हे बोलणे त्या मुलाने ऐकले. पुढे मोठेपणी तो गमतीने म्हणे, की मला भाजीच व्हायचे असेल तर मी आर्टिचोक होईन. वरून काटेरी आणि आतून कोवळा. तो आपल्या कोकणात जन्मला असता तर नक्कीच फणस म्हणाला असता! पण हा विनोद सुचायला पुष्कळ वर्षे जावी लागली. त्या वेळी त्याला जगणे नकोसे झाले होते. हात हलत नसल्यामुळे जीव देण्याचे दुसरे साधन नव्हते, म्हणून त्याने अन्न सोडले. शरीराचा सापळा झाला. मग एके दिवशी त्याच्या दिमतीला असलेली खासगी परिचारिका निघून गेली आणि खायचे की नाही हे ठरविणारा तो एकटाच उरला. त्याने खाण्याचे ठरविले. आपल्या आयुष्याचा निर्णय आपण स्वतः घेऊ शकतो, ही जाणीव त्याला तिथे झाली आणि त्याच्या पुढच्या साऱ्या तत्त्वज्ञानाचे बीज या एका घटनेत आहे असे मला वाटते.

घरी आल्यावर शिक्षण कसे व्हायचे? त्याची आई झोना कामगार संघटनेत वावरलेली, खंबीर बाई होती. घर आणि वर्ग टेलिफोनच्या तारेने जोडला गेला आणि एड अंथरुणावर पडल्यापडल्या शिकू लागला. पण मुलाने चार भिंतींत दडून राहावे हे आईला मान्य नव्हते. तिने त्याला आठवड्यातून एकदा शाळेत जायला लावले. पहिल्या दिवशी शाळेच्या आवारात गाडीतून उतरताच शेकडो डोळे त्याच्याकडे वळले. त्याला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. पण मग त्याच्या लक्षात आले, की नजरा आपण खाली घातल्या नाहीत तर समोरचे आपली नजर चुकवितात. लोकांच्या टक लावून पाहण्याचे ओझे आपण वाहण्याचे कारण नाही; उलट, एखाद्या सिनेनटाकडेही लोक असेच पाहतात की!

शाळा संपत आली तेव्हा नवेच विघ्न उभे राहिले. पदवीच्या प्रमाणपत्रासाठी शारीरिक शिक्षण आणि मोटार चालविण्याचा अभ्यासक्रम पुरा करणे आवश्यक होते. ज्याला मान वगळता काही हलविता येत नाही त्याने ते न केल्यामुळे त्याचे प्रमाणपत्र अडकविण्यात आले. नियम म्हणजे नियम! आपल्याकडच्या लोकांना हा अनुभव परका वाटू नये. मायलेकांनी ही गोष्ट थेट शाळामंडळापुढे नेली. अमेरिकेत शाळामंडळ ही लोकांनी निवडलेली स्थानिक संस्था असते. तिथे त्यांचा विजय झाला. एडच्या आयुष्यातला हा पहिला राजकीय धडा होय, आणि तो राजधानीत नव्हे तर गावातच मिळाला हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जो नियम माणसांनी केला तो माणसांना बदलता येतो. मात्र तो बदला म्हणून कोणीतरी समोर जाऊन उभे राहावे लागते.

पुढे सॅन मॅटिओच्या महाविद्यालयात जीन वर्थ नावाच्या प्राध्यापिका त्याला लाभल्या. विद्यार्थ्याची कुवत ओळखून त्याला एक पाऊल पुढे ढकलणारे शिक्षक भाग्याने मिळतात. त्यांनी त्याला राज्यशास्त्रासाठी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जाण्याचा सल्ला दिला. विद्यापीठाला अर्जावरून कळलेच नाही की हा विद्यार्थी लोखंडी फुफ्फुसात झोपतो. कळले तेव्हा तिथले अधिकारी बिचकले. अशा अपंगांना घेऊन पाहिले, ते जमत नाही, असा त्यांचा सूर होता. शिवाय शिक्षणाचा खर्च ज्या राज्य पुनर्वसन खात्याने करायचा त्या खात्याने निर्वाळा दिला, की हा माणूस कधीच नोकरी करू शकणार नाही, सबब त्याच्यावर पैसा खर्च करणे व्यर्थ आहे. पुन्हा झगडा झाला, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि खात्याला आपला निर्णय फिरवावा लागला. वाचकांनी हे खाते लक्षात ठेवावे. त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

१९६२ साली एड बर्कलीला दाखल झाला. त्याचे ते आठशे पौंडांचे यंत्र वसतिगृहाच्या जमिनीला पेलणारे नव्हते. तेव्हा विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयाचे डॉ. हेन्री ब्रुइन यांनी तिथली एक खोली त्याला राहण्यासाठी दिली. दिवसा तो मदतनिसाने ढकललेल्या खुर्चीतून वर्गांना जाई, बेडकाप्रमाणे हवा गिळत श्वास घेण्याची कला त्याने शिकून घेतली होती, आणि रात्री तो यंत्रात परते. १९६४ मध्ये तो बी. ए. झाला आणि १९६६ मध्ये एम. ए. पुढे त्याने पीएच. डी.साठीही अभ्यास केला, पण चळवळीच्या धबडग्यात ती पुरी झाली नाही.

इथे त्याच्या आयुष्यातली एक नाजूक हकिकत सांगितली पाहिजे. तो एका तरुणीच्या प्रेमात पडला. पण प्रेमाच्या गोष्टी करायच्या तर पाठीशी खुर्ची ढकलणारा मदतनीस उभा! विजेवर चालणारी खुर्ची तुला चालविता येणार नाही, असे त्याला पूर्वी सांगण्यात आले होते. आता मात्र त्याने चंग बांधला आणि दोन बोटांच्या बळावर ती खुर्ची चालवून दाखविली. ज्या गोष्टी पुनर्वसन खात्याच्या तज्ज्ञांना जमल्या नाहीत त्या मदनाने एका दिवसात करून दाखविल्या, असे म्हणायला हरकत नाही! पण विनोद बाजूला ठेवला तर यात एक मोठे सत्य आहे. माणसाला मदत हवी असते; मात्र ती कधी, कोणती आणि किती, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा त्याला हवा असतो.

एडच्या पाठोपाठ १९६३ मध्ये जॉन हेस्लर नावाचा दुसरा विद्यार्थी कॉवेलमध्ये आला. हळूहळू तिथे डझनभर तरुण जमले. ही साठीच्या दशकाची बर्कली होती. भाषणस्वातंत्र्याची चळवळ, युद्धविरोधी मोर्चे, काळ्या नागरिकांचा समतेचा लढा यांनी ते आवार दुमदुमत होते. रुग्णालयाच्या खिडकीतून हे सारे पाहणाऱ्या तरुणांना वाटू लागले, की आपली अवस्था हाही हक्काचाच प्रश्न आहे. आपण रोगी नाही, आपण नागरिक आहोत. त्यांनी आपल्या टोळक्याला रोलिंग क्वाड्स असे नाव घेतले. म्हणजे गडगडत जाणारे लुळेपांगळे! स्वतःची अशी थट्टा करणे ज्याला साधले त्याला दुसरे कोणी हिणवू शकत नाही.

१९७० मध्ये त्यांच्या खटपटीतून विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम सुरू झाला. खुर्च्यांची दुरुस्ती, मदतनिसांची यादी, राहण्यायोग्य घरांचा शोध अशी अगदी साधी कामे तिथे होत. लवकरच विद्यार्थी नसलेली गावातली अपंग माणसेही तिथे येऊ लागली, कारण खुर्चीचे चाक मोडले तर जायचे कुठे हा प्रश्न त्यांनाही होताच. त्यातूनच १९७२ मध्ये स्वावलंबी जीवन केंद्राची स्थापना झाली आणि पुढे एड त्याचा संचालक झाला. ही संस्था अपंगांसाठी होती आणि ती चालवीतही अपंगच होते, हे तिचे वैशिष्ट्य.

आता त्या सहा इंचांकडे वळू. खुर्ची आली, घर मिळाले, मदतनीस मिळाला. पण घराबाहेर पडून चौक गाठला की पदपथ संपतो आणि माणूस तिथेच अडकतो. या तरुणांनी आपला प्रश्न बर्कलीच्या नगरसभेपुढे मांडला. २८ सप्टेंबर १९७१ रोजी नगरसभेने ठराव केला, की शहराच्या मुख्य व्यापारी भागांतले रस्ते आणि पदपथ अपंगांना वावरता येईल अशा रीतीने आखावेत आणि बांधावेत. विद्यापीठाजवळच्या टेलिग्राफ रस्त्याच्या परिसरात पदपथांच्या कडा उतरत्या झाल्या. त्याआधी कोणी असे केलेच नव्हते असे नाही. मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावात १९४५ च्या सुमारास, महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी असे उतार झाले होते. पण नगरसभेने हे शहराच्या रचनेचे धोरण म्हणून स्वीकारले, याला महत्त्व आहे.

बर्कलीत एक आख्यायिका सांगतात. या अपंगांचे साथीदार म्हणे रात्री हातोडे घेऊन निघत, कडा फोडीत आणि सिमेंट ओतून उतार बनवीत. काही ठिकाणी असे हातचे उतार कोणी केलेही असतील. पण शहर बदलले ते हातोड्याने नव्हे, ठरावाने. आख्यायिका ऐकायला रोमांचक वाटते; सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय क्रमांक अमुक हा रुक्ष असतो. तरीही राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला तो रुक्ष विषयच अधिक रोमांचक वाटतो. रात्री केलेला उतार एका चौकात असतो. ठरावाने केलेला उतार पुढच्या प्रत्येक अंदाजपत्रकात असतो.

आणि उतार म्हणजे नुसता सिमेंटचा गोळा नव्हे. त्याचेही शास्त्र आहे. एक इंच उंचीला निदान बारा इंच लांबी, हे प्रमाण आज आपल्याकडेही मान्य आहे. म्हणजे सहा इंचांच्या कडेला सहा फूट लांबीचा उतार हवा. त्याहून चढा केला तर खुर्ची वर जात नाही आणि खाली येताना पुढे कलंडते. शिवाय अंध माणूस काठीने पदपथाची कड चाचपूनच रस्ता सुरू झाल्याचे ओळखतो. कडच नाहीशी केली तर तो बेसावधपणे वाहनांत जाईल! म्हणून पुढे उतारावर पायाला आणि काठीला जाणवतील अशा उंचवट्यांच्या फरशा आल्या. एकाची सोय दुसऱ्याचा घात होऊ नये यासाठी दोघांनाही विचारावे लागते. घरी बसून नकाशा काढणाऱ्याला हे कळत नाही.

१९७५ मध्ये काळाने एक गमतीदार वळण घेतले. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी राज्याच्या पुनर्वसन खात्याचा संचालक म्हणून एड रॉबर्ट्सची नेमणूक केली. हो, तेच खाते! ज्या खात्याने हा माणूस कधीही नोकरी करू शकणार नाही असा शेरा मारला होता, त्याच खात्याच्या प्रमुखाच्या दालनात तो आपली खुर्ची आणि श्वासयंत्र घेऊन बसला. १९८३ पर्यंत त्याने ते काम पाहिले. या काळात बर्कलीच्या नमुन्यावर राज्यात इतर ठिकाणीही स्वावलंबी जीवन केंद्रे उभी राहिली.

याच काळात राष्ट्रीय पातळीवर एक नाट्य घडले. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ क्रमांकाचे एक कलम होते. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून निव्वळ अपंगत्वामुळे कोणाला वगळता येणार नाही, असा त्याचा आशय. कलम झाले, पण ते अमलात आणायचे नियम चार वर्षे निघेनात. नियमांवाचून कायदा म्हणजे शाईवाचून दौत. अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांत निदर्शने झाली आणि सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे दीडशे अपंग स्त्रीपुरुष केंद्रीय कार्यालयाच्या इमारतीत शिरले ते तिथेच बसले. जुडी ह्यूमन आणि किटी कोन या स्त्रियांनी नेतृत्व केले. ज्यांना रात्री यंत्रे लागत, ज्यांना दुसऱ्याच्या हाताने जेवावे लागे, ती माणसे तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथे जमिनीवर झोपली. ब्लॅक पँथर्स या काळ्यांच्या संघटनेने त्यांना रोज अन्न पुरविले. शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी स्वतः त्यांना भेटायला गेले. स्वतः सरकारी अधिकारी असूनही रॉबर्ट्स आंदोलकांच्या बाजूने उभा राहिला, त्यांच्यापुढे बोलला. २८ एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली.

१९८३ मध्ये रॉबर्ट्सने जुडी ह्यूमन आणि जोन लिऑन यांच्यासह अपंगत्वविषयक एक जागतिक संस्था स्थापन केली. १९८४ मध्ये त्याला मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. मधल्या काळात त्याने लग्न केले, ते टिकले नाही, पण ली नावाचा मुलगा त्याला झाला. ज्याला भाजीपाला म्हणून मोडीत काढले होते त्याने मुलाला घेऊन जगभर प्रवास केला.

२६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा सर्वंकष कायदा झाला. त्याचा दुसरा भाग राज्यांना आणि स्थानिक संस्थांना लागू आहे, मग त्या केंद्राचा पैसा घेवोत वा न घेवोत. त्याखालच्या १९९१ च्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेला आपल्या कारभाराची स्वतः तपासणी करायला लावली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेने एक जबाबदार अधिकारी नेमावा, तक्रार ऐकण्याची रीत ठरवावी, कोणते अडथळे कोणत्या वर्षी दूर करणार याचा आराखडा करावा, त्यात पदपथांच्या उतारांचे वेळापत्रक द्यावे आणि हे करताना अपंगांना मत मांडण्याची संधी द्यावी, असे हे बंधन. स्थानिक संस्थेची बांधिलकी म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला कुठे आढळली नाही. अधिकाऱ्याचे नाव, कामाची यादी, वर्ष आणि तक्रारीची खिडकी. या चार गोष्टी नसतील तर बांधिलकी हा भाषणातला शब्द राहतो.

एड रॉबर्ट्स १४ मार्च १९९५ रोजी बर्कलीतल्या आपल्या घरी वारला. वय अवघे छप्पन्न. त्याची खुर्ची आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बर्कलीत अॅशबी रेल्वेस्थानकाला लागूनच त्याच्या नावाची एक इमारत उभी आहे. तिच्यात एक भलामोठा गोल चढ सर्वांनाच, पायांनी चालणाऱ्यांनाही, वर घेऊन जातो. त्याचा वाढदिवस कॅलिफोर्निया राज्य त्याच्या नावाने पाळते.

पण स्मारके झाली म्हणून काम संपले असे नाही. कायदा झाल्यावरही अमेरिकेतल्या शहरांनी चालढकल केलीच. फिलाडेल्फियात रस्त्यावर नवे डांबर घातले पण पदपथाला उतार केले नाहीत. १९९३ मध्ये न्यायालयाने सांगितले, की रस्ता नवा केला तर उतारही केलाच पाहिजे. सॅक्रामेंटो शहर म्हणू लागले, की पदपथ ही काही आम्ही देत असलेली सेवा नव्हे. २००२ मध्ये न्यायालयाने ते अमान्य केले. पुढच्या तडजोडीत शहराने आपल्या वार्षिक वाहतूक निधीचा पाचवा हिस्सा तीस वर्षांपर्यंत या कामासाठी बाजूला काढण्याचे कबूल केले. लॉस एंजेलिसवर तर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने तीस वर्षांत १३० कोटी डॉलरहून अधिक खर्चाची जबाबदारी आली. बर्कलीने १९७१ मध्ये ठरावाने जे सुरू केले ते इतरांना न्यायालयाच्या दाराशी जाऊन करावे लागले. वेळेवर न बांधलेला उतार पुढे फार महाग पडतो!

आपण भारतीयांनी हे का वाचावे? रॉबर्ट्स गेला त्याच १९९५ साली आपल्या संसदेने अपंग व्यक्तींचा कायदा केला. फेब्रुवारी १९९६ मध्ये तो अमलात आला. त्यात पदपथांना खुर्चीसाठी कड कापून उतार करण्याचे कलम चक्क आहे. बर्कलीच्या चौकातले ते सहा इंच असे दिल्लीच्या कायद्यात येऊन पोहोचले होते. मात्र त्या कलमाला एक शेपूट होते. संबंधित संस्थांनी आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत हे करावे. या शेपटाला धरून कित्येक नगरपालिका वीस वर्षे स्वस्थ बसल्या. २०१६ मध्ये नवा, अधिक कडक कायदा आला. अपंग हा शब्द जाऊन दिव्यांग हा शब्द आला. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्याची मुदत घातली गेली; ती मुदत उलटूनही गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचेच असले पाहिजेत. मुंबईतही पदपथांच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमुळे खुर्चीची वाट अडते, या तक्रारीची उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. गाड्या चढू नयेत म्हणून लावलेले ते खांब होते, म्हणजे हेतू चांगलाच. पण लावण्यापूर्वी कोणी खुर्चीतल्या माणसाला विचारले नव्हते.

महाराष्ट्रात नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चावेत असे शासनाचे आदेश आहेत. माझा थोरला भाऊ दुचाकीच्या अपघातानंतर गेली सहा वर्षे खुर्चीत आहे. त्याला या निधीतून मदत मिळाली आहे, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. पण ती मिळविण्यासाठी ज्या कार्यालयात जावे लागे, त्याला सात पायऱ्या होत्या. दादा खाली रिक्षात बसे आणि मी कागद घेऊन वर जाई. साहेब वरून खिडकीतून पाहत आणि मान डोलावीत. साहेब वाईट नव्हते, कागद लगेच करून देत. तरीही परत येताना दादा फार बोलत नसे. त्याला पैसे मिळत होते, पण स्वतःच्या अर्जावर स्वतः जाऊन सही करण्याचा मान मिळत नव्हता. रॉबर्ट्सचे चरित्र वाचले तेव्हा दादाच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळला. दान खालपर्यंत आणून देता येते. नागरिकत्वाला मात्र दारातून आत जावे लागते.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांना आज उताराची गरज नाही. पण म्हातारपण कोणाला चुकले आहे? बाबागाडी ढकलणारी आई, हातगाडी ओढणारा विक्रेता, गुडघे धरून चढणारी आजी, पाय मोडलेला खेळाडू, पाठीवर ओझे घेतलेला हमाल, या साऱ्यांना तोच उतार उपयोगी पडतो. रॉबर्ट्सच्या लढ्याने दाखवून दिले, की शेवटच्या माणसासाठी केलेली सोय सर्वांची सोय होते.

कायदे दिल्लीत होतात, निकाल न्यायालयांत लागतात. पण खुर्ची अडते ती आपल्या प्रभागातल्या चौकात. तिथला निर्णय आपण निवडून दिलेला नगरसेवक घेतो. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या गल्लीत रस्ता नवा होऊ लागला, की आपण तिथे जाऊन एवढेच विचारावे: कड किती इंच, उतार किती फूट, आणि या आराखड्याबद्दल कोणत्या अपंग माणसाला विचारले? उत्तर मिळाले नाही तर तोच प्रश्न लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. बर्कलीच्या नगरसभेपुढेही सुरुवातीला काही मोजकीच माणसे गेली होती, आणि त्यांतल्या एकाला तर स्वतःचा श्वाससुद्धा यंत्राकडून उसना घ्यावा लागत होता.